साडेचार गिरक्यांची वाट



ज्या माणसाचे आयुष्य यंत्रमागाच्या मजुरीवर बोलण्यात गेले, त्याने या व्यासपीठावर बर्फावरील उड्यांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. मलाही वाटते. आपल्या गावात बर्फ दिसतो तो रसवंतीगृहात, गोणपाटाखाली. परंतु २०२२ सालच्या फेब्रुवारीत मुलीने मला मोबाइलवर एक जपानी तरुण दाखवला. तो उंच उडाला, भिंगरीसारखा फिरला आणि पडला. मुलगी म्हणाली, "बाबा, याच उडीची जगभरची माणसं इतकी वर्षं वाट पाहत होती." मी म्हणालो, "पडला की तो!" ती म्हणाली, "पडला, तरी." त्या 'तरी'चा अर्थ लावण्यासाठी मी वाचू लागलो. इंग्रजी मी शब्दकोश उशाशी ठेवून शिकलो, त्याच चालीने हाही विषय शिकलो. चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

त्या तरुणाचे नाव युझुरू हान्यू. जन्म १९९४ चा, गाव सेंदाई. ११ मार्च २०११ रोजी जपानात मोठा भूकंप झाला, तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा त्याच गावच्या बर्फाच्या मैदानावर सराव करीत होता. मैदान बंद पडले, तो गावोगावच्या खेळांत फिरत सराव करीत राहिला. २०१४ साली सोची येथे त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, आणि २०१८ साली प्योंगचांग येथे पुन्हा. पुरुषांत लागोपाठ दोन सुवर्णपदके त्यापूर्वी अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ आणि १९५२ साली मिळवली होती, म्हणजे मध्ये सहासष्ट वर्षे गेली. मिळवण्यासारखे काही उरले नाही, असे आपण म्हणू. त्याच्या मते एक उडी उरली होती, चार फेऱ्यांची ॲक्सेल.

आता ही उडी म्हणजे काय, ते सांगतो. बुटाखालचे पाते सुमारे चार मिलिमीटर जाड असते. त्याला मधून खाच असते, म्हणून दोन कडा होतात. सारा खेळ या कडांवर चालतो. उड्यांचे मुख्य प्रकार सहा. त्यांपैकी पाच उड्या पाठमोरे जाताना घेतात आणि पाठमोरेच उतरतात. एकटी ॲक्सेल तोंड पुढे करून घ्यायची, उतरायचे मात्र पाठमोरेच. त्यामुळे प्रत्येक ॲक्सेलमध्ये अर्धी फेरी जास्त येते आणि चारची साडेचार होते. शिवाय दुसऱ्या पायाचे दाते बर्फात रोवून वर उसळी घेण्याची सोय या उडीत नाही. ॲक्सेल पॉलसेन या नॉर्वेच्या खेळाडूने १८८२ साली व्हिएन्नात ती प्रथम दाखवली, म्हणून तिला त्याचे नाव. साल्कोव्ह, लुट्झ याही उड्या माणसांच्याच नावांच्या. उडीला कारागिराचे नाव राहते, हे मला आवडले. आमच्याकडे लाखो मीटर कापड निघाले, विणकराचे नाव एका ताग्यावर पडले नाही. असो.

अर्धी फेरी म्हणजे कितीशी, असे वाटेल. हिशेब करून पाहू. उडी मारणारा हवेत पाऊण सेकंद राहतो असे धरा. तेवढ्यात साडेचार फेऱ्या म्हणजे सेकंदाला सहा, मिनिटाला तीनशे साठ. घरातला छताचा पंखा पुऱ्या वेगाने फिरतो, तो साधारण याच गतीने. पाऊण सेकंद हवेत राहायचे तर शरीर सुमारे सत्तर सेंटिमीटर वर गेले पाहिजे. कोणी म्हणेल, थोडा अधिक वेळ काढावा. पण गुरुत्वाकर्षण उधारी देत नाही. वेळ एक-दशांशाने वाढवायचा तर उंची एक-पंचमांशाहून जास्त वाढवावी लागते. दुसरा मार्ग वेगाने फिरण्याचा. त्यासाठी हात छातीशी, पाय पायाशी घट्ट आवळायचे. शरीर अक्षाजवळ जितके गोळा होईल तितकी फिरकी वाढते. खुर्ची फिरती असेल तर हात पसरून गिरकी घ्या आणि मग हात जवळ ओढा, लगेच कळेल. मी कचेरीत करून पाहिले. आमच्या चिटणीसांना माझी काळजी वाटली. पण हात आवळण्यालाही वेळ लागतो आणि उतरताना ते पुन्हा उघडावे लागतात, नाहीतर फिरणे थांबत नाही. आणि उतरायचे एका पायावर, वजनाच्या कित्येक पट भार घेऊन. हान्यूचा तो पाय उजवा.

म्हणून या उडीला वेळ लागला. दोन फेऱ्यांची ॲक्सेल त्याच डिक बटनने १९४८ साली ऑलिंपिकमध्ये केली, तीन फेऱ्यांची कॅनडाच्या व्हर्न टेलरने १९७८ साली. एकाची दोन व्हायला सहासष्ट वर्षे, दोनाची तीन व्हायला तीस. तिनाची चार कधी, हे चाहते दर उन्हाळ्यात एकमेकांना विचारत.

त्यांचे हे वाट पाहणे मला फार ओळखीचे वाटले. जुलैपासून नवा हंगाम धरतात. कोण कोणत्या स्पर्धेत उतरणार याच्या याद्या निघतात. संगीत कोणते, कोणती उडी कितव्या मिनिटाला, यावर खल चालतो. उन्हाळी प्रयोगांत एखादा सराव दिसला तर तेवढ्यावरून भाकिते होतात. वेतनकराराच्या आधी फाटकावर चहा पिताना आमची माणसे असेच अंदाज बांधतात. २०२१ च्या हंगामात त्याची नावे तोक्यो आणि सोची येथील स्पर्धांत होती. नोव्हेंबरात उजवा घोटा दुखावला आणि दोन्ही ठिकाणची माघार जाहीर झाली. अखेर २६ डिसेंबरला सैतामा येथे राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ती उडी घेतली. फेऱ्या पुऱ्या भरल्या नाहीत, परीक्षकांनी ती तीन फेऱ्यांची धरली. स्पर्धा मात्र त्यानेच जिंकली.

इथे माझ्यातला मजुरीवाला जागा होतो. या खेळात प्रत्येक उडीला दर ठरलेला आहे. चार फेऱ्यांच्या ॲक्सेलला आधी १५ गुण होते, २०१८ साली ते साडेबारावर आणले. त्याच वेळी चार फेऱ्यांच्या लुट्झचे १३.६ वरून ११.५ झाले. म्हणजे जे काम तोवर स्पर्धेत कोणीही पुरे केले नव्हते, ते याहून कितीतरी सोप्या कामापेक्षा फक्त एका गुणाने महाग! तीन फेऱ्यांच्या ॲक्सेलला ८ आहेत. ती सुरेख केली तर वाढीव गुणांसह १२ पर्यंत पोहोचते. कोणताही शहाणा कारागीर तीनवर थांबेल. बीजिंगला १० फेब्रुवारी २०२२ रोजी हान्यू थांबला नाही. आदल्या दिवशी सरावात तोच घोटा पुन्हा मुरगळला होता, आणि दुखणे मारण्याची सुई टोचून तो उतरला होता. फेऱ्या थोड्या कमी भरल्या म्हणून साडेबाराचे दहा झाले. पडला म्हणून त्यातलेही निम्म्याच्या आसपास गेले, वर पडल्याचा एक गुण वेगळा कापला. तो चौथा आला. पण निकालपत्रात ती उडी चार फेऱ्यांची ॲक्सेल म्हणून लिहिली गेली. ऑलिंपिकमध्ये हे पहिल्यांदाच घडले.

माझी मुलगी म्हणते त्या 'तरी'चा अर्थ हा. तो मला पटतो, आणि तेवढाच टोचतोही. आमच्या संघटनेने पूर्वी एका कारागिराचा सत्कार केला होता. इतर जण चार माग चालवत, तो आठ चालवी. हार घातला, नारळ दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. पुढे त्याची पाठ गेली, तेव्हा त्याच्या घरी गेलेल्यांत मी पुढे नव्हतो. हान्यूला कोणी जबरदस्ती केली नाही, हे खरे. आमच्या त्या माणसालाही केली नव्हती. पण वाट पाहणाऱ्यांचा भार घोट्यावर येतो की नाही, हे घोट्याला विचारावे लागेल. चाहत्यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, बरेच जण त्याही हंगामात 'उडी राहू द्या, पाय सांभाळा' असेच लिहीत होते. त्याच्या प्रत्येक खेळानंतर कापडी अस्वलांचा पाऊस पाडणारी हीच माणसे.

१९ जुलै २०२२ रोजी त्याने स्पर्धांचा निरोप घेतला. दोन महिन्यांच्या आत, १४ सप्टेंबरला, अमेरिकेत लेक प्लॅसिड येथे इलिया मालिनिन नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने साडेचार फेऱ्या पुऱ्या करून ती उडी उतरवली. १९७८ नंतर चव्वेचाळीस वर्षे झाली होती. हान्यूला पाहून आपल्याला हुरूप आला, असे त्या मुलाने सांगितले.

हान्यूने पुढे स्वतःचे प्रयोग सुरू केले. २६ फेब्रुवारी २०२३ रोजी तोक्योच्या बेसबॉलच्या भव्य बंदिस्त मैदानात बर्फ पसरून तो एकटा उतरला. सुमारे पस्तीस हजार माणसे आली होती. परीक्षकांचे टेबल मांडलेले नव्हते.