सियालदह मार्गावरचा हौशी निरीक्षक

राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५)

● नोकरी : जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची.

● पहिली दुर्बीण : तीन इंची, १९१२ मध्ये स्वखर्चाने घेतलेली.

● नवतारा : जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात स्वतंत्रपणे टिपला.

● नोंदी : तेज कमी-जास्त होणाऱ्या रूपविकारी ताऱ्यांच्या ३७,०००हून अधिक नोंदी अमेरिकी निरीक्षक संघटनेला पाठवल्या. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. पुढे ती कावलूर वेधशाळेत गेली.

● फाळणीनंतर : सियालदह–बनगाव रेल्वेमार्गावरच्या बारासातला मुक्काम.

● सूर्यडाग नोंदवायचे असतील तर : चंद्र यांच्यासारखीच नियमित नोंदींची शिस्त, फक्त वेळ दिवसाची. दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडा, डाग रेखाटा, तारीख-वेळ लिहा. दुर्बिणीतून थेट सूर्याकडे कधीही पाहू नका.