वसंतातली परसबाग आणि पुरलेले मडके

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा जत तालुका अवर्षणप्रवण आहे. इथे वसंत म्हणजे फाल्गुनापासून चढत जाणारे ऊन, त्यामुळे परसबागेचा पहिला हिशेब पाण्याचा. भेंडी, गवार उन्हाला खंबीर. टोमॅटो मात्र पारा ३५ अंशांपुढे गेला की फुले गाळतो. या दिवसांत त्याचा हट्ट न धरलेला बरा.

कमी पाण्यावर भरवशाचा उपाय मडक्याचा. बिनरंगाचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भोवती दोडका किंवा दुधीच्या बिया टोकतात आणि तोंडावर झाकण ठेवतात. भोवतालची माती सुकली की पाणी आपोआप झिरपते, ओली असली की झिरपणे मंदावते. मुळेही मडक्याभोवतीच गोळा होतात. चीनमधल्या सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही ही युक्ती सापडते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर छिद्रे हळूहळू बुजतात आणि मडके बदलावे लागते.

न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ निघते, पण साबण बेताचा हवा. मोगऱ्याची छाटणी पौष-माघातच उरकावी. चैत्रात कात्री लावली तर बहरच हातचा जातो.