विनिमय विद्यार्थ्यांचा, हिशेब तासांचा

क्योटो शहरातील गल्ल्यांमध्ये आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, सकाळी आठ वाजण्याच्या आत, घराघरांपुढे पिवळ्या पिशव्या येऊन बसतात. कावळ्यांनी त्या फोडू नयेत म्हणून त्यांवर जाळे पांघरलेले असते. जळण्याजोगा कचरा एवढाच त्यांत असावा. बाटल्या, डबे, प्लॅस्टिकची वेष्टने यांचे वार वेगळे आणि पिशव्याही वेगळ्या. परदेशातून वर्षभरासाठी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला या शहराचा पहिला धडा वर्गात मिळत नाही. तो या पिशवीपाशी मिळतो. पिशवी चुकली किंवा वार चुकला तर ती तेथेच पडून राहते. कोणी भांडायला येत नाही, पण पडून राहिलेली ती पिशवी गल्लीला सर्व काही सांगत असते.

ही पिशवी विकत घ्यावी लागते. क्योटो महापालिकेने ऑक्टोबर २००६ मध्ये घरगुती कचऱ्यासाठी ठरावीक पिशव्या सक्तीच्या केल्या आणि जळण्याजोग्या कचऱ्याच्या पिशवीची किंमत लिटरमागे एक येन ठेवली. पुनर्वापराच्या वस्तूंची पिशवी त्याहून स्वस्त. कचरा करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, हे पाठ्यपुस्तकातील तत्त्व येथे स्वयंपाकघरात येऊन पोहोचले. २००० मध्ये सुमारे ८ लाख २० हजार टनांवर गेलेला शहराचा वार्षिक कचरा पुढील दोन दशकांत जवळपास निम्म्यावर आला. त्यामागे केवळ पिशवीची किंमत होती असे नव्हे. लोकजागृती, व्यापाऱ्यांवरील बंधने आणि शेजाऱ्यांची नजर यांचाही वाटा होता. परंतु शिस्त ही जपानी माणसाच्या रक्तातच असते, या समजाला मात्र ही पिवळी पिशवी छेद देते. शिस्त घडवावी लागते आणि तिची किंमत कोणी ना कोणी मोजलेली असते.

पहिले चौदा दिवस

दोन विद्यापीठांमधील करारानुसार जो विद्यार्थी सहा महिने किंवा वर्षभर परस्परांकडे जातो, तो विनिमय विद्यार्थी. तो शुल्क आपल्याच विद्यापीठात भरतो. यजमान विद्यापीठ त्याच्याकडून ते घेत नाही. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित वार्षिक शिक्षणशुल्क २००५ पासून ५ लाख ३५ हजार ८०० येन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. काहींना दरमहा ८० हजार येनांची शिष्यवृत्तीही मिळते.

विमानतळावर उतरताच त्याच्या हाती निवासपत्र पडते. २०१२ पासून अमलात आलेले हे छायाचित्रयुक्त कार्ड त्याने सदैव जवळ बाळगले पाहिजे. राहण्याची जागा ठरल्यावर चौदा दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात पत्ता नोंदवायचा. तेथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचे. मग दवाखान्याच्या बिलातील तीस टक्के रक्कमच त्याला भरावी लागते. वीस वर्षे पूर्ण झाली असतील तर निवृत्तिवेतन योजनेतही नाव जाते आणि विद्यार्थी म्हणून हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज करावा लागतो. विशीतल्या, वर्षभरात परत जाणाऱ्या मुलाला म्हातारपणाच्या तरतुदीचा अर्ज भरावा लागावा, याची गंमत वाटेल. पण त्या अर्जात जपानचा सर्वांत मोठा प्रश्न दडलेला आहे. त्या देशातील जवळजवळ तीस टक्के लोक आज पासष्ट वर्षांवरील आहेत. तरुण हाताची तेथे वाण आहे. आणि वर्गात येणारा प्रत्येक परदेशी विद्यार्थी तरुण आहे.

सहा चटयांची खोली

विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर नशीब थोर. न मिळाली तर घरे दाखविणाऱ्या दुकानाची पायरी चढावी लागते. खोलीचे माप आजही तातामी चटयांच्या संख्येवर सांगण्याची चाल आहे. सहा चटयांची खोली म्हणजे सुमारे शंभर चौरस फूट. भाड्याखेरीज अनामत असते आणि पुष्कळदा 'रेइकिन' असते. रेइकिन म्हणजे आभाराचे पैसे. घरमालकाने जागा दिली म्हणून त्याचे आभार मानण्यासाठी महिना-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम द्यायची आणि ती परत मिळत नाही. मुंबईच्या पागडीची ज्यांना आठवण आहे, त्यांना हा प्रकार अगदीच अनोळखी वाटणार नाही. करार नवा करतानाही पैसे मोजावे लागतात. या नूतनीकरणशुल्काविरुद्ध भाडेकरू न्यायालयात गेले, तेव्हा ते अवाजवी नसेल तर वैध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये दिला.

त्यापुढची अडचण पैशाने सुटत नाही. करारावर जामीनदार हवा, आणि परक्या देशात आठ दिवसांपूर्वी आलेल्या मुलाला जामीन कोण राहणार? काही विद्यापीठे ही जबाबदारी घेतात. नाही तर हमी देणाऱ्या कंपनीला शुल्क द्यावे लागते. तरीही नकार येतोच. जपान सरकारच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मागील पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे चाळीस टक्के लोकांनी, केवळ परदेशी म्हणून आपल्याला जागा नाकारली गेली, असे सांगितले होते. नकार देणारा माणूस कमरेत वाकून, अतिशय नम्रपणे क्षमा मागत नकार देतो. नम्रतेमुळे नकार हलका होत नाही. त्याच्याशी वाद घालणे तेवढे अवघड होते.

वर्ग, भोजनगृह आणि भाषा

एकदा बस्तान बसले म्हणजे हे शहर विद्यार्थ्याला आपलेसे करते. क्योटोच्या लोकसंख्येत दर दहा जणांमागे साधारण एक विद्यार्थी असतो. इ. स. ७९४ मध्ये राजधानी म्हणून चौकटीच्या पटासारखे आखलेले हे शहर सायकलीसाठी जणू मुद्दामच आखल्यासारखे वाटते. ह्याकुमानबेनच्या चौकात क्योटो विद्यापीठाच्या परिसरात सकाळी सायकलींचा पूर लोटतो. सायकलीचीही नोंदणी करावी लागते आणि ती भलत्या जागी लावली तर महापालिकेची गाडी उचलून नेते. नव्वद मिनिटांचे तास, दुपारी सहकारी भोजनगृहातील स्वस्त जेवण, संध्याकाळी कामो नदीच्या काठी बसणे, असा दिवसाचा क्रम असतो. हे भोजनगृह विद्यार्थी-प्राध्यापकांच्या सहकारी संस्थेचे असते. सभासद होताना भरलेले भागभांडवल शहर सोडताना परत मिळते. सहकाराच्या मुलखातून गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला निदान ही एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्याची पंचाईत दुसरीकडे होते. तो शाकाहारी असेल तर निव्वळ भाजीच्या सूपातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, हे त्याला उशिरा कळते आणि मग खोलीतल्या एका शेगडीवर वरणभात शिजू लागतो.

मात्र या सुखी क्रमात एक पोकळी राहून जाते. विनिमय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम असतात आणि त्यांची मैत्रीही पुष्कळदा आपसांतच होते. वर्षअखेरीस मंदिरांची छायाचित्रे भरपूर जमतात, भाषा मात्र दुकानात पिशवी नको म्हणण्यापुरती येते. दोष सर्वस्वी विद्यार्थ्याचा नव्हे. पाहुण्याला ओसरीवर उत्तम आसन द्यायचे आणि माजघराचे दार लोटून ठेवायचे, ही रीत काही एकट्या जपानची नाही.

काउंटरच्या दोन बाजू

रात्री अकरा वाजता हा विद्यार्थी कोपऱ्यावरच्या 'कोम्बिनी'त शिरतो. अहोरात्र उघडी असणारी अशी पन्नास हजारांहून अधिक दुकाने जपानभर आहेत. क्योटोत इमारतींची उंची आणि पाट्या यांवर निर्बंध असल्याने त्यांच्या एरवी भडक असणाऱ्या पाट्याही अनेक ठिकाणी मवाळ रंगांत दिसतात. विजेचे बिल भरणे, पार्सल पाठविणे, नकलप्रत काढणे, सर्व येथे होते. काउंटरमागचा तरुण विनयशील जपानीत विचारतो की, जेवण येथेच घेणार की घरी नेणार? ऑक्टोबर २०१९ मध्ये विक्रीकर दहा टक्के झाला तेव्हा घरी नेण्याच्या अन्नावर तो आठ टक्केच ठेवला गेला, म्हणून हा प्रश्न. त्या तरुणाच्या छातीवरील नाव अनेकदा नेपाळी किंवा व्हिएतनामी असते. तोही विद्यार्थीच असतो. कायद्याच्या दृष्टीने काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांचे निवासपत्र एकाच जातीचे आहे.

त्याच्या जमाखर्चाकडे पाहिले पाहिजे. विद्यार्थ्याला परवानगी घेऊन सत्र चालू असताना आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येते. दीर्घ सुट्टीत दिवसाला आठ तास. क्योटो प्रांतातील किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्ये ताशी १०५८ येन ठरले. अठ्ठावीस तासांचे चार आठवडे भरले तर १ लाख १८ हजार येनांच्या आसपास मिळतात. रात्री दहानंतरच्या कामाला पंचवीस टक्के अधिक दर असल्याने पुष्कळांची पाळी रात्रीचीच असते. आता खर्च. खासगी भाषाशाळेचे वार्षिक शुल्क सात लाख येन धरले तर महिन्याला सुमारे ५८ हजार. खोलीचे ४० हजार. उरलेल्या वीस हजारांत जेवण, विमा, फोन, प्रवास आणि गावी दलालाला देण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. जुलै २०२४ मध्ये डॉलरला सुमारे १६० येन, अशा १९८६ नंतरच्या नीचांकाला येन घसरला. तेव्हा पर्यटकांची चंगळ झाली आणि येनमध्ये कमावून रुपयांतले कर्ज फेडणाऱ्याचा हप्ता मात्र कोणी चोरल्यागत वाढला. हा जमाखर्च जुळविण्यासाठी तो दुसऱ्या दुकानात आणखी तास धरतो आणि ते उघडकीस आले तर परवान्याची मुदत वाढत नाही. सकाळी वर्गात त्याचा डोळा लागतो. शिक्षक त्याला आळशी समजतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. जपानी भाषेतील आदरार्थी रूपे, त्रासलेल्या गिऱ्हाईकाची समजूत, वृद्ध शेजारणीचे गाऱ्हाणे ही सारी या काउंटरमागच्या मुलाला येतात. विनिमय विद्यार्थ्याला मिळालेला वेळ त्याच्याजवळ नाही, आणि त्याला मिळालेली भाषा विनिमय विद्यार्थ्याजवळ नाही. एकाच शहराचे शिक्षण दोघांत वाटले गेले आहे आणि दोघांचेही अर्धेच झाले आहे.

आकड्यांचे धोरण

जपानने परदेशी विद्यार्थ्यांचे लक्ष्य नेहमी संख्येत सांगितले. १९८३ मध्ये नाकासोने यांच्या कारकिर्दीत एक लाखाचे लक्ष्य ठरले. ते २००३ मध्ये गाठले गेले. २००८ मध्ये तीन लाखांचे ठरले. ते २०१९ मध्ये पार झाले. त्याच वर्षी टोकियोतील एका खासगी विद्यापीठाच्या दीड हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांचा ठावठिकाणाच लागत नसल्याचे उघड झाले. नंतर महासाथीत सीमा बंद झाल्या, प्रवेश मिळालेले विद्यार्थी मायदेशी बसून अवेळी संगणकावर तास ऐकत राहिले आणि संख्या २०२२ मध्ये २ लाख ३१ हजारांपर्यंत उतरली. २०२३ मध्ये सरकारने २०३३ पर्यंत चार लाखांचे नवे लक्ष्य जाहीर केले. मे २०२४ मध्ये ३ लाख ३६ हजार विद्यार्थी होते. त्यांत चीनचे १ लाख २३ हजार आणि नेपाळचे सुमारे ६५ हजार.

ही संख्या मोजताना विद्यार्थ्याचे तास कोणी मोजत नाही. ज्याला मजूर हवा आहे त्याने मजूर म्हणून बोलवावे, पुरेसे वेतन आणि हक्क द्यावेत. विद्यार्थी म्हणून बोलावून त्याच्या झोपेवर दुकाने चालवू नयेत, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

देणे आणि घेणे

विद्येच्या देवाणघेवाणीत किती सामर्थ्य असते हे महाराष्ट्राला सांगायला नको. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि तिच्या प्रेरणेने १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उभे राहिले. कर्वे तोवर जपानला गेलेही नव्हते. मनाला सवड असेल तर एक पुस्तिकाही पुरते. सवड नसेल तर अख्खे शहर समोर असून हाती काही लागत नाही. आज पुण्यातील कितीतरी मुले-मुली जपानी शिकतात आणि त्यांपैकी काही तिकडे जातात. त्यांना निरोप देणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी शिष्यवृत्ती किती, एवढेच विचारून थांबू नये. आठवड्यातले किती तास तुझे स्वतःचे असतील, हा प्रश्नही विचारावा. दलालाच्या रंगीत माहितीपत्रकात नेमके हेच उत्तर नसते.

आणि विनिमय म्हटला की दुसरी बाजूही येते. जपानी घरमालकाचा नम्र नकार वाचून ज्यांना चीड येईल, त्यांनी पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला खोली मिळविताना काय ऐकावे लागते, हे एकदा त्यालाच विचारावे. तेथे नकार देणारा निदान वाकून क्षमा मागतो.