इंग्रजी वाक्प्रचारांमागील धर्मकथा

मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी गृहस्थाने व्याकरण उत्तम आत्मसात केले आणि शब्दकोशही पाठ केला, तरी ‘सुदाम्याचे पोहे’ ऐकताच तो ताटात पोहेच शोधील. ‘श्रीगणेशा करणे’, ‘भगीरथ प्रयत्न’, ‘कुंभकर्णाची झोप’, ‘लक्ष्मणरेषा’ हे शब्दप्रयोग आपण दिवसातून अनेकदा सहज वापरतो. पण त्यांची किल्ली पुराणांत आणि रामायण-महाभारतात आहे. आपण जैन असूनही मराठी समाजात वाढल्यामुळे ही किल्ली आपल्याला न मागता मिळाली. हे शब्द उच्चारताना आपली श्रद्धा बदलली, असे कोणी मानीत नाही.

इंग्रजीची स्थिती हीच आहे. तिच्या शेकडो वाक्प्रचारांचे मूळ बायबलात आहे. डेव्हिड क्रिस्टल या नामवंत भाषाशास्त्रज्ञाने २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘बिगॅट’ या ग्रंथात बायबलाच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराशी निगडित अशा २५७ वाक्प्रचारांची गणना केली आहे. आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, पेढीचा पत्रव्यवहार इंग्रजीत होतो, परदेशी ग्राहकाचे निरोप इंग्रजीत येतात. अशा वेळी या शब्दभांडाराचा अभ्यास करावा की ‘तो आपल्या धर्माचा विषय नव्हे’ म्हणून दूर ठेवावा, हा प्रश्न आपल्या घरांत खरोखर विचारला जातो. त्याचा शांतपणे विचार व्हावा, यासाठी हा लेख.

व्यापाऱ्यांनी पोहोचविलेले शब्द

सोळाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये बायबल लॅटिन भाषेत वाचले जाई, आणि परवानगीवाचून त्याचे इंग्रजी भाषांतर करणे हा गुन्हा होता. विल्यम टिंडेल या विद्वानाला हे मान्य नव्हते. नांगर धरणाऱ्या मुलालाही धर्मग्रंथ कळावा, अशी त्याची आकांक्षा होती. मायदेशी आधार न मिळाल्यामुळे तो युरोप खंडात गेला आणि १५२६ साली जर्मनीतील वर्म्स येथे त्याच्या ‘नव्या करारा’चे मुद्रण पूर्ण झाले. त्या प्रती कापडाच्या गाठींत लपवून व्यापारी जहाजांनी इंग्लंडच्या बंदरांत पोहोचविल्या गेल्या. पुढे अँटवर्प येथे इंग्रज व्यापाऱ्यांच्या वास्तूत टिंडेलला आश्रय मिळाला. १५३५ साली तेथेच विश्वासघाताने त्याला पकडून देण्यात आले आणि १५३६ साली ब्रुसेल्सजवळील विल्व्होर्ड येथे गळा आवळून त्याचा देह जाळण्यात आला.

त्याची भाषा मात्र जळाली नाही. राजा जेम्स याच्या आज्ञेवरून विद्वानांच्या मंडळांनी १६११ साली जे भाषांतर सिद्ध केले, त्यात टिंडेलची शब्दरचना फार मोठ्या प्रमाणावर कायम राहिली. ‘द सॉल्ट ऑफ द अर्थ’ म्हणजे सचोटीची, समाजाला आधारभूत माणसे. ‘द पॉवर्स दॅट बी’ म्हणजे सत्तेवर असलेली मंडळी. ‘स्केपगोट’ म्हणजे दुसऱ्यांच्या दोषांचे ओझे ज्याच्या माथी मारले जाते तो. हे सारे शब्द त्याच्या लेखणीचे आहेत. दर रविवारी प्रार्थनामंदिरात आणि रोज घरोघरी तो ग्रंथ मोठ्याने वाचला जात असल्यामुळे ही भाषा शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या तोंडी बसली. भगवान महावीरांचा उपदेश अर्धमागधीत, म्हणजे लोकांच्या बोलीत झाला, हे ज्या समाजाला अभिमानाने ठाऊक आहे, त्याला टिंडेलच्या आग्रहाचे मोल वेगळे सांगावयास नको.

अँटवर्प हे नाव आपल्या वाचकांना दुसऱ्या कारणाने परिचित आहे. पालनपूरकडील अनेक जैन कुटुंबे हिऱ्यांच्या व्यापारासाठी तेथे स्थायिक झाली असून त्या नगरात जिनमंदिरही उभे आहे. तेथील हिरेबाजारात सौदा ठरला की हात मिळवून ‘मझल’ हा शब्द उच्चारतात. ‘मझल उ ब्राखा’ या दैव आणि आशीर्वाद अशा अर्थाच्या हिब्रू शब्दांचे ते लघुरूप होय. हा उच्चार झाला की सौदा पक्का. मग माघार नाही. जैन व्यापारीही हा शब्द उच्चारतो आणि त्याला जागतो. दुसऱ्याच्या धर्मपरंपरेतून आलेल्या शब्दाचे वजन ओळखणे हा व्यापाराचा भाग आहे, हे यावरून स्पष्ट होते.

अर्थाचा अनर्थ कोठे होतो

कथा ठाऊक नसली की शब्दांचा अर्थ लागतो. वाक्प्रचाराचा लागत नाही. काही उदाहरणे पाहू.

‘टू वॉश वन्स हँड्स ऑफ’ याचा शब्दशः अर्थ हात धुणे. मराठीत ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे चिकाटीने पाठपुरावा करणे, आणि ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ म्हणजे संधी साधणे. इंग्रजीतील अर्थ मात्र नेमका उलट आहे: जबाबदारीतून अंग काढून घेणे. येशूला मृत्युदंड देण्यास रोमन सुभेदार पिलात मनातून राजी नव्हता, पण जमावापुढे तो नमला आणि ‘या रक्ताचा दोष माझ्यावर नाही’ हे दाखविण्यासाठी त्याने सर्वांसमक्ष हात धुतले. एखाद्या पुरवठादाराने या मालाबाबत आपण हात धुतले, असे इंग्रजीत लिहिले, तर तो सौद्याच्या मागे लागलेला नसून सौदा सोडून निघाला आहे, असे समजावे.

‘अ‍ॅट दि इलेव्हन्थ अवर’ याचा रात्रीच्या अकराशी संबंध नाही. प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा भाग मानीत. द्राक्षमळ्याच्या मालकाने अकराव्या तासाला, म्हणजे सायंकाळी पाचच्या सुमारास, कामावर घेतलेल्या मजुरांची ही कथा आहे. म्हणून या शब्दांचा अर्थ ‘अगदी शेवटच्या घटकेला’ असा होतो.

‘द रायटिंग ऑन द वॉल’ ही तर व्यापारविषयक वृत्तपत्रांची आवडती उक्ती आहे. बाबिलोनचा राजा बेलशस्सर याने जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या सोन्यारुप्याच्या पात्रांतून मद्यपान आरंभिले, तेव्हा एका हाताची बोटे प्रकट होऊन भिंतीवर अक्षरे लिहू लागली. दानीएलने ती वाचली: तुझे राज्य मोजले गेले, तुला तराजूत तोलले आणि तू वजनात कमी भरलास. त्याच रात्री राजा मारला गेला. गंमत अशी की भिंतीवरचे ते गूढ शब्द मीना आणि शेकेल या वजनांच्या नावांशी जुळतात. वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला ही कथा एकदा सांगितली की तो ती विसरणार नाही. एखाद्या कंपनीबाबत हा वाक्प्रचार आला, तर तिचा शेवट जवळ आला आहे आणि चिन्हे उघड दिसत आहेत, असा अर्थ घ्यावा. आपली ‘काळ्या दगडावरची रेघ’ निश्चिततेपुरती मर्यादित आहे. इंग्रजी उक्तीत विनाशाची पूर्वसूचना आहे. दोन्ही एकच मानून चालणार नाही.

‘गुड समॅरिटन’ हा शब्द तर आपल्या देशाच्या कायद्यात आला आहे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सद्भावनेने साहाय्य करणाऱ्याला जे संरक्षण दिले, ते याच नावाने. मराठी बायबलात ज्याला ‘शोमरोनी’ म्हटले आहे, त्या जमातीशी तत्कालीन यहुद्यांचे वैर होते. वाटमाऱ्यांनी घायाळ केलेल्या प्रवाशाला स्वकीय धर्माधिकारी ओलांडून गेले, आणि ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्या शोमरोनी माणसाने त्याच्या जखमा बांधल्या, धर्मशाळेचा खर्चही दिला. केवळ ‘भला माणूस’ एवढाच अर्थ घेतला, तर परक्याने परक्यासाठी केलेल्या करुणेचा हा गाभा निसटतो.

उत्तराध्ययनातील तीन व्यापारी

या अभ्यासाचा एक अनपेक्षित लाभ असा की त्यातून आपल्याच आगमांकडे नव्या दृष्टीने पाहता येते. ‘टॅलेंट’ हा शब्द आज प्रत्येक शाळेत ऐकू येतो. मुळात ते चांदी तोलण्याचे मोठे वजन, आणि त्यावरून मोठी रक्कम. बायबलातील दृष्टांतात परगावी निघालेला धनी तीन सेवकांकडे अनुक्रमे पाच, दोन आणि एक टॅलेंट सोपवितो. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा भयाने ती जमिनीत पुरून ठेवतो. निदान सावकाराकडे ठेवून व्याज तरी मिळवावयाचे होते, असे म्हणून धनी त्याला दोष देतो. या कथेमुळेच टॅलेंट म्हणजे ‘ईश्वरदत्त गुण’ असा अर्थ रूढ झाला.

श्वेतांबर परंपरेतील उत्तराध्ययन सूत्राच्या सातव्या अध्ययनात असाच दृष्टांत आहे. तीन व्यापारी भांडवल घेऊन निघतात. एक नफा मिळवितो, दुसरा मुद्दल घेऊन परततो, तिसरा मुद्दलही गमावतो. मनुष्यजन्म हे मुद्दल, देवगती हा नफा, आणि मुद्दल गमावणे म्हणजे नरक व तिर्यंच गती. १८९५ साली या सूत्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करताना हर्मन याकोबी या जर्मन पंडिताने हे साम्य नोंदविले आहे. फरकही अभ्यासण्याजोगा आहे. बायबलात मुद्दल सुरक्षित परत देणारा दंडास पात्र ठरतो; आपल्या सूत्रात मुद्दल राखणाऱ्याला पुन्हा मनुष्यजन्म मिळतो.

याच अध्ययनाचे नाव एका मेंढ्यावरून पडले आहे. पाहुण्यासाठी मेंढा पोसला जातो. पाहुणा येईपर्यंत तो मजेत चरतो, आणि पाहुणा आला की त्याचा वध होतो. इंग्रजीत ‘टू किल द फॅटेड काफ’ म्हणजे थाटामाटाने स्वागत करणे. सर्वस्व उधळून परतलेल्या पुत्रासाठी पित्याने पुष्ट वासरू कापविले, त्या कथेतून ही उक्ती आली. बायबलाचे लक्ष पित्याच्या क्षमेवर आहे. उत्तराध्ययनाची दृष्टी त्या मुक्या जिवावर आहे आणि भोगात रमलेल्या माणसाला त्याच्या जागी उभे करते. येथेच सांगावयास हवे की त्या कथेतील ‘प्रॉडिगल’ या शब्दाचा अर्थ उधळ्या असा आहे, ‘परतलेला’ असा नव्हे. पुष्कळजण येथे फसतात.

तिसरे साम्य तर व्यापाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. थोरला भाऊ एसाव भुकेच्या भरात मसुरीच्या शिजविलेल्या वाढपाबदल्यात आपला ज्येष्ठत्वाचा हक्क याकोबाला देऊन बसला. त्यावरून ‘टू सेल वन्स बर्थराइट फॉर अ मेस ऑफ पॉटेज’ ही उक्ती निघाली. येथे ‘मेस’ म्हणजे गोंधळ नव्हे, अन्नाचे वाढप; खाणावळीला आपण मेस म्हणतो, तो हाच अर्थ. उत्तराध्ययनात एका काकिणीपायी हजार नाणी गमावणारा मनुष्य आहे, आणि अपथ्य असूनही आंबा खाऊन राज्य गमावणारा राजा आहे. क्षणिक लाभासाठी थोर ठेवा विकू नये, हा बोध दोन दूरदेशींच्या परंपरांनी स्वतंत्रपणे दिला आहे.

दोन शंका

पहिली शंका श्रद्धेची. मूळ कथा समजून घेणे म्हणजे ती श्रद्धा स्वीकारणे नव्हे. कराराची भाषा वाचल्याशिवाय आपण सही करीत नाही. ती वाचली म्हणून सही करावीच लागते असेही नाही. उलट, अज्ञानाने केवढा अन्याय होतो, हे ‘जगरनॉट’ या शब्दाने दाखविले आहे. पुरीच्या श्रीजगन्नाथाच्या रथयात्रेची अर्धवट वर्णने युरोपात पोहोचली, आणि ज्या नावापुढे लाखो भाविक हात जोडतात, ते इंग्रजीत वाटेतील सर्वांना चिरडीत जाणाऱ्या शक्तीचे नाव होऊन बसले. आपल्या परंपरेविषयी जी काळजी इतरांनी घ्यावी असे वाटते, ती इतरांच्या परंपरेविषयी आपणही घेतली पाहिजे.

दुसरी शंका अहिंसेची. पुष्ट वासरू किंवा वधाला नेलेले कोकरू अशा प्रतिमा आपल्या मुलांच्या तोंडी शोभतात काय? या वाक्प्रचारांचा जन्म पशुपालक समाजात झाला, हे समजून घ्यावे. अर्थ सर्वांचा जाणावा. वापर विवेकाने करावा. स्वागताला ‘वॉर्म वेलकम’ म्हटले तरी इंग्रजी उणी पडत नाही. त्याचप्रमाणे ‘थर्टी पीसेस ऑफ सिल्व्हर’ हे शब्द भागीदाराला उद्देशून कधीही लिहू नयेत. यहूदाने तीस रुप्याच्या नाण्यांसाठी गुरूला शत्रूच्या हाती दिले, त्याचा हा उल्लेख आहे. ज्याला तो लागतो, त्याच्याशी पुन्हा व्यवहार होणे कठीण.

अभ्यास कसा करावा

याद्या पाठ करून हे ज्ञान टिकत नाही. घरात एक वही ठेवावी आणि आठवड्याला एकच वाक्प्रचार घ्यावा. खतावणीसारखे रकाने आखून पहिल्यात वाक्प्रचार, दुसऱ्यात मूळ कथा दोन वाक्यांत, तिसऱ्यात आजचा अर्थ आणि चौथ्यात जवळचा मराठी प्रयोग किंवा आगमातील दृष्टांत लिहावा. ‘अ फ्लाय इन दि ऑइंटमेंट’ म्हणजे सुगंधी लेपात पडलेली मेलेली माशी. त्यापुढे ‘दुधात मिठाचा खडा’ लिहिला की दोन्ही स्मरणात राहतात. ‘गो दि एक्स्ट्रा माइल’ हे ग्राहकसेवेचे ब्रीद मुळात रोमन सैनिकाचे ओझे एक मैल वेठीने वाहण्यावरून आले. सक्तीचा मैल संपल्यावर आपण होऊन दुसरा मैल चालणे, हा त्यातील मर्म मुलांना कथेवाचून कळणार नाही.

इंग्रजीची कथा मुलांनी शाळेतून आणावी आणि आगमातील दृष्टांत आजी-आजोबांनी सांगावा. चातुर्मासात स्वाध्यायासाठी कुटुंब एकत्र बसतेच. त्यातील पाव घटका या वहीला दिली, तर सतरा-अठरा आठवड्यांत तितकेच वाक्प्रचार पक्के होतील, आणि त्या निमित्ताने उत्तराध्ययनाचे सातवे अध्ययनही घरात अर्थासह वाचले जाईल.