नाव आणि खाते क्रमांक

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकास, नीरा व भीमा या नद्यांच्या मध्ये इंदापूर तालुका पसरलेला आहे. त्याआधी प्रिंगल यांनी ठरविलेला शेतसारा इतका जड होता, की तेथील अनेक कुळांनी शेते सोडून दिली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड व विंगेट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात नवी पाहणी हाती घेतली. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक शेताची हद्द खुणांनी निश्चित करून त्यास क्रमांक देत असत. पुढे ही पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली.

क्रमांकाची गरज का भासावी? ‘विहिरीजवळची पट्टी’ म्हटले, की गावातल्या दहा पट्ट्या डोळ्यांपुढे येतात. माणसांचेही तसेच. एकाच गावात एकाच नावाचे व आडनावाचे दोन खातेदार असू शकतात. क्वचित वडिलांचे नावही सारखेच असते! म्हणूनच गाव नमुना आठ-अ मध्ये प्रत्येक खात्यास क्रमांक असतो.

आता ही दप्तरे संगणकात आली आहेत. खातेदाराचा शोध घेणारी आज्ञावली आधी जिल्हा, तालुका व गाव विचारते. कारण खाते क्रमांक हा त्या गावापुरताच असतो. बारामती तालुक्यातील एका गावचे १२० क्रमांकाचे खाते आणि इंदापूर तालुक्यातील एका गावचे त्याच क्रमांकाचे खाते, ही दोन निराळी खाती होत. क्रमांक दिला, की एकच खाते पुढे येते. नाव दिले, तर त्या नावाची यादी येते आणि निवड माणसाला करावी लागते. घाईने चुकीची ओळ निवडली, तर एकाच्या कर्जाचा बोजा दुसऱ्याच्या उताऱ्यावर चढू शकतो.

संगणक आपल्या वापरकर्त्यांचीही अशीच खातेवही ठेवतो. १९६९ साली अमेरिकेत जन्मलेल्या युनिक्स या प्रणालीत फाईलसोबत मालकाचे नाव नव्हे, तर त्याचा क्रमांक नोंदलेला असतो. नाव हवे असेल तेव्हा आज्ञावली खातेवहीत त्या क्रमांकाची ओळ शोधते. ओळ नसेल, तर नीट लिहिलेली आज्ञावली अंदाजाने नाव घालीत नाही. खाते सापडले नाही, एवढेच सांगते. परंतु काम सोडून गेलेल्याचे खाते पुसून तोच क्रमांक नवागतास दिला, तर मागे राहिलेल्या जुन्या फायली आपोआप नवागताच्या ठरतात. गावच्या दप्तरात मयताच्या जागी वारसाचे नाव लावण्यास फेरफाराची नोंद लागते. येथे तशी नोंद कोणी मागत नाही. म्हणून सोडलेला क्रमांक पुन्हा कोणास न देण्याची दक्षता व्यवस्थापकास घ्यावी लागते.