रेझिनच्या छोट्या तोफा: रेवसला ओतायच्या कधी, विकायच्या कितीला?

रेझिनचा धंदा म्हटलं की बहुतेक जण की-चेनकडे वळतात. तिथे आता पाय ठेवायला जागा नाही. आज वेगळं बघू: लष्करी मॉडेलला लागणारे बारीक सुटे भाग. रणगाड्यांचे भाग परदेशी कंपन्या ढिगाने बनवतात. पण आंग्र्यांच्या गुराबीच्या तोफा? गुराब म्हणजे मराठा आरमाराचं दोन-तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. नाळेवरून थेट पुढे मारा करणाऱ्या तोफा ही तिची खासियत. तुम्ही रेवसचे असाल तर हा इतिहास तुमच्या दारातला आहे. शिवाय 2025 मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेला, आणि दिवाळीत घरोघरी किल्ले होतातच.

माप सोपं आहे. 1:72 म्हणजे खऱ्या वस्तूचा बहात्तरावा भाग. 2.4 मीटरची तोफ साधारण 33 मिलिमीटरची होते.

पद्धत पेणच्या गणपती कारखान्यांत साचा वापरतात त्याच जातीची, फक्त इथे साचा सिलिकॉनचा. आधी एक नमुना तोफ हाताने किंवा थ्रीडी प्रिंटरवर बनवा. नमुना स्वतःचाच हवा. दुसऱ्याचं मॉडेल आणून त्याचा साचा काढणं ही सरळ चोरी आहे. तोफेचं तोंड खाली ठेवून ती उभी करा, भोवती सिलिकॉन ओता, घट्ट झाल्यावर एका बाजूला ब्लेडने चीर देऊन नमुना बाहेर काढा. तोंड खाली का? बुडबुडे वर चढतात. ते मागच्या टोकाला अडकले तर घासून टाकता येतात, तोंडाशी अडकले तर तोफ गेली. साच्यात चिमूटभर टाल्कम पावडर फिरवली की रेझिन कोपऱ्यांत नीट उतरतं.

आता खरी अडचण. लवकर घट्ट होणारं पॉलियुरेथेन रेझिन दोन बाटल्यांत येतं आणि त्यातल्या एका भागाचं पाण्याशी वैर असतं. ओलावा लागला की आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तोफेचा जाळीदार पाव होतो! जुलैत आपल्या किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. म्हणून छोट्या बाटल्या घ्या, वापरली की लगेच झाकण घट्ट लावा, लाकडी काडीने ढवळू नका (लाकूड ओलं असतं, दिसत नाही एवढंच), साचा आधी कोरडा आणि कोमट करून घ्या. तरी पावसाळ्यात माल वाया जाणारच.

हे वाया जाणं किमतीत धरलंय का तुम्ही? समजा साचा 300 रुपयांचा आणि 30 वेळा चालला: एका ओतकामाला 10 रुपये. रेझिन 20 रुपयांचं. तुमची 20 मिनिटं, तासाला 150 रुपये धरून, 50 रुपये. झाले 80. एका वेळी 10 तोफा निघतात, म्हणजे तोफेला 8 रुपये. शिवाय प्रत्येक तोफ घासून साफ करायला 5 मिनिटं, म्हणजे साडेबारा रुपये. एकूण साडेवीस. आता दहातल्या चार बुडबुड्यांनी गेल्या तर? उरलेली प्रत्येक तोफ जवळपास 26 रुपयांना पडते. आणि नवखा माणूस काय करतो? फक्त रेझिन मोजतो, 'दोन रुपये खर्च' म्हणतो आणि 20 ला विकून मोकळा होतो. बोटीचं भाडं, पॅकिंग, कुरियर यातलं काहीच अजून धरलेलं नाही बरं का.

म्हणून महिने वाटून घ्या. कोरड्या महिन्यांत, मे संपायच्या आत, ओतकाम उरका. दिवाळीची मागणी पावसाळा संपता संपता येते, तेव्हा ओतायला बसलात तर उशीर झालेला असतो. जून ते सप्टेंबर नवे नमुने, साफसफाई आणि साचे. टिनवालं सिलिकॉन घट्ट व्हायला थोडा ओलावा लागतोच, त्यामुळे ते काम पावसात अडत नाही. तयार डोलकाठ्या मात्र सपाट आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या तर वाकतात.

आणि हो, हे काम स्वयंपाकघरात नको. खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे मोजे, नाकावर वाफेसाठीचा मास्क. घासताना पाणी लावून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. पहिला साचा एकाच तोफेचा करा आणि दहा ओतकामांतून किती माल चांगला निघाला ते वहीत लिहा. दर त्या आकड्यावरून ठरवायचा.