थोडं औषध म्हणजे थोडाच परिणाम?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, गोळी अर्धी घेतली तर गुण अर्धा येईल, एवढंच ना?" प्रश्न साधा आहे, पण त्यात एक गृहीतक दडलंय. मात्रा घटली की परिणाम फक्त घटतो, त्याची जात बदलत नाही, असं आपण धरून चालतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. गृहीतक दिसलं की उकरून बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

फ्लेमिंगनी ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गृहस्थ उभे केले. घसा दुखतो म्हणून ते स्वतःच पेनिसिलिन आणतात, अपुरं घेतात. जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. तेच जंतू पुढे त्यांच्या पत्नीला न्यूमोनिया करतात. तिला पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. प्रतिकाराचा हा धोका फ्लेमिंगना दिसला होता. पण कमी मात्रेत जंतूंचं वागणंच बदलतं, हे बरंच नंतर उलगडलं.

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू घ्या. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात तो फुप्फुसात ठाण मांडतो. त्यावर टोब्रामायसिन श्वासावाटे देतात. २००५ साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात दिसलं ते असं, की वाढ रोखायला पुरणार नाही इतकं टोब्रामायसिन दिलं तर हा जंतू जास्तच बायोफिल्म बांधतो. बायोफिल्म म्हणजे काय? मोरीत हाताला लागतो ना बुळबुळीत थर, तसा. जंतूंची वस्ती आणि भोवती त्यांनीच केलेला चिकट गिलावा.

जंतूच्या पेशीत एक निरोप्या रेणू असतो, सायक्लिक-डाय-जीएमपी. तो वाढला की शेपटीनं पोहणं मंदावतं आणि गिलावा सुरू होतो. घटला की उलट. पोहायचं की बसायचं, हे बरंचसं इथे ठरतं. 'ठरतं' म्हणतोय मी, 'जंतू ठरवतो' असं नाही. त्याला मन नाही, हे विसरू नका.

आता खरी गोम बघा. टोब्रामायसिन धनभारित, गिलाव्यातले बरेच घटक ऋणभारित. औषध वाटेतच चिकटतं. म्हणजे डॉक्टरांनी पूर्ण मात्रा दिली, तरी आतल्या जंतूंना ती कमीच पोचू शकते! कमी मात्रा म्हणजे नेहमी रुग्णाचा हलगर्जीपणा, असं नाही.

आणि प्रतिकार? २०११ साली स्वीडनच्या उप्सालातल्या संशोधकांनी दाखवलं, की वाढ रोखणाऱ्या मात्रेच्या काही बाबतीत शंभराव्या हिश्शाहूनही कमी औषधात प्रतिकारक जंतू साध्या जंतूंना मागे टाकतात. सिप्रोफ्लोक्सासिनसारखी औषधं तर डीएनएला इजा करतात. जंतू घाईघाईनं दुरुस्ती करतो, त्यात चुका होतात, आणि एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते.

पण सरसकट नियम करू नका. ॲझिथ्रोमायसिन नेहमीच्या मात्रेत स्यूडोमोनासला मारत नाही, तरी त्याचं पोहणं आणि बायोफिल्म, दोन्हींना खीळ घालू शकतं. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना त्याचा उपयोगही होतो.

मग अर्ध्या गोळीचं काय? मात्रा आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आजारांत कमी दिवसांचा कोर्स पुरतो, असं अलीकडच्या चाचण्यांतून दिसतंय. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. पण त्या दिवसांत गोळी अर्धी करणं म्हणजे फ्लेमिंगच्या त्या गृहस्थांचीच गत.